घरातला समुद्र आणि त्याचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात एका शाळेकडून आमच्याकडे एक पार्सल आले. आत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, हाताने काढलेला एक आराखडा आणि मुख्याध्यापिकाबाईंची चिठ्ठी होती. शाळेचा एक माजी विद्यार्थी बरीच वर्षे अमेरिकेत राहतो. तिथे त्याने आपल्या घरात पाचशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी बांधली असून तीत जिवंत प्रवाळ वाढवले आहेत. तशीच टाकी आपल्या शाळेच्या नव्या प्रयोगशाळेत असावी, सगळा खर्च मी करतो, असे त्याने कळवले आहे. समुद्रापासून दूरच्या मुलांना समुद्र पाहायला मिळेल, ही त्यामागची भावना. बाईंचा प्रश्न एका ओळीचा होता: "ही देणगी घ्यावी का?"

प्रश्नाचे उत्तर देण्याआधी पुस्तक वाचणे भाग होते. ते वाचल्यावर असे वाटले, की हे उत्तर एका शाळेपुरते ठेवू नये. म्हणून हे परीक्षण.

पुस्तक आणि त्यामागची कल्पना

पुस्तकाचे नाव 'डायनॅमिक अ‍ॅक्वेरिया'. लेखक वॉल्टर अ‍ॅडी आणि कॅरन लव्हलँड. पहिली आवृत्ती १९९१ची. आमच्या हाती आली ती २००७ची तिसरी. अ‍ॅडी हे अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेतले सागरी शैवालांचे अभ्यासक. १९८०च्या सुमारास त्यांनी तिथल्या निसर्गविज्ञान संग्रहालयात प्रवाळखडकाची एक मोठी जिवंत टाकी उभारली. त्या अनुभवातून हे पुस्तक घडले. 'जिवंत परिसंस्था बांधणे' असे त्याचे उपशीर्षक आहे. या 'बांधणे' शब्दाकडे पुढे पुन्हा यायचे आहे.

साधे मत्स्यालय आणि प्रवाळांची टाकी यांत फरक कोणता? माशांच्या टाकीत पाणी माशाला विषारी होऊ नये एवढे पाहिले की भागते. माशांच्या उत्सर्गातून अमोनिया येतो, जिवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट बऱ्यापैकी साठले तरी मासे तग धरतात. प्रवाळखडकाभोवतीच्या समुद्रात मात्र नायट्रेट आणि फॉस्फेट जवळजवळ नसतातच. ते वाढले की शैवाल माजते आणि प्रवाळांवर चढते. शिवाय बहुतेक दगडी प्रवाळांच्या पेशींत झूझँथेली नावाची एकपेशीय शैवाले राहतात. प्रवाळ त्यांना आसरा आणि नायट्रोजन देतो. ती प्रकाशसंश्लेषण करून त्याला अन्न देतात. म्हणजे टाकीवर उष्ण कटिबंधातल्या उन्हासारखा प्रकाश हवा, पण पाणी मात्र २५ ते २८ अंशांच्या आत राहायला हवे. लाटांची खळबळ हवी, क्षारांचे प्रमाण दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम हवे, आणि हे सर्व दिवसरात्र तसेच राहायला हवे.

अशी टाकी हौशी माणसांना साधली ती टप्प्याटप्प्याने. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ साली एका मासिकात आपली रीत मांडली: समुद्रातून जीवजंतूंसकट आणलेले 'जिवंत खडक' टाकीत ठेवायचे आणि हवेचे बुडबुडे सोडायचे, बाकीचे काम खडकातले जीव करतात. पुढे बर्लिनमधल्या हौशी मंडळींनी जिवंत खडक, प्रखर दिवे आणि पाण्यातली घाण फेसाबरोबर काढून टाकणारे यंत्र अशी सांगड घातली.

अ‍ॅडी यांना हे यंत्र फारसे मान्य नाही. फेसाबरोबर आणि पंपाच्या पात्यांखाली पाण्यातले सूक्ष्म जीवही नष्ट होतात, आणि प्रवाळखडकावरच्या कित्येकांचे तेच तर अन्न असते, असा त्यांचा आक्षेप आहे. त्यांचा उपाय साधा आणि सुंदर आहे. टाकीशेजारी एक उथळ ट्रे ठेवायचा, त्यात प्लास्टिकची जाळी अंथरायची. टाकीतले पाणी एका बादलीत साठत जाते. भरली की ती आपोआप उलटते आणि जाळीवरून लाट जाते. जाळीवर आखूड शैवालाची लव उगवते. ही लव पाण्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस शोषून घेते. आठवड्याला ती खरवडून काढली, की तेवढे नायट्रोजन-फॉस्फरस टाकीबाहेर गेले. ट्रेवरचा दिवा रात्री लावायचा. टाकीत अंधार असताना ट्रेमधले प्रकाशसंश्लेषण चालू राहते आणि पाण्यातला ऑक्सिजन रात्री फार घसरत नाही.

शिक्षकांनी हे पुस्तक मिळवून वाचावे ते या भागासाठी. नायट्रोजन-चक्राची आकृती आपण फळ्यावर नेहमी काढतो. इथे त्या आकृतीतला एकेक बाण म्हणजे एक नळी, एक दिवा किंवा खरवडलेल्या शैवालाचा एक गोळा आहे. खडकावरचे शैवाल हे समुद्रात निरुपयोगी तण नसून तिथले मोठे उत्पादक आहे, ही गोष्ट पुस्तक पटवून देते. या पद्धतीवर चालणाऱ्या पाचशे लिटरच्या एका टाकीतले जीव अ‍ॅडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पाचशेहून अधिक प्रकारचे जीव नोंदले आहेत. बहुतेक सारे बोटाच्या पेरापेक्षा लहान. प्रवाळखडकावरच्या जीवांची संख्या आपण कमी तर धरत नाही ना, असा प्रश्न त्या टाकीने विचारला. एका खोलीत मावणाऱ्या टाकीने हे करावे ही मोठीच गोष्ट आहे.

वजनाचा आणि हवेचा हिशेब

आता आमचे आक्षेप. ते मांडताना माजी विद्यार्थ्याने पाठवलेला आराखडाच समोर ठेवू. टाकी १५० सेंटीमीटर लांब, ६० रुंद, ६० उंच. आकारमान ५४० लिटर.

पाणी, काच, खडक आणि खालचे टेबल मिळून वजन साडेसातशे किलोच्या पुढे जाते. ते उभे राहणार ०.९ चौरस मीटरवर, म्हणजे दर चौरस मीटरला आठशे किलोंहून अधिक. आपल्याकडे घरगुती मजल्याचा आराखडा करताना माणसे आणि सामान यांचा भार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरतात. म्हणून ही टाकी वरच्या मजल्यावर ठेवण्याआधी इंजिनियरला विचारावेच लागेल. समोरच्या एका काचेवर पाण्याचे एकूण बल सुमारे २७० किलो वजनाइतके पडते. हे गणित दहावीचा विद्यार्थी करू शकेल: सरासरी दाब निम्म्या खोलीवरचा घ्यायचा आणि काचेच्या क्षेत्रफळाने गुणायचा.

पुढचा हिशेब अधिक बोलका आहे. २७ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात दर लिटरला जास्तीत जास्त साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो. म्हणजे आपल्या ५४० लिटर पाण्यात एका वेळी सारा मिळून साडेतीन ग्रॅम ऑक्सिजन. एवढा ऑक्सिजन जेमतेम तेरा लिटर हवेत असतो. मासे, प्रवाळ, कोळंब्या, जिवाणू, सारे त्यावर जगतात, आणि तो सतत भरून निघतो तो पंपामुळे. माजी विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे लिहिले आहे, की एका हिवाळी वादळात त्याच्या घरची वीज दोन दिवस गेली. बॅटरी पहिली रात्र पुरली. दुसऱ्या सकाळी त्याने सगळे मासे बादलीत भरून बाहेर नेऊन टाकले. शाळेला दिवाळीची आणि मेची सुट्टी असते, आणि वीज कधी जाईल याचा आपल्याकडे नेम नाही, हे त्याच्या आराखड्यात कुठे धरलेले दिसत नाही.

चुन्याचा हिशेब

पुस्तकाचे सारे लक्ष नायट्रोजन आणि फॉस्फरस बाहेर काढण्याकडे आहे, असे वाचताना वाटत राहते. पण प्रवाळखडक म्हणजे मुळात चुनखडी, कॅल्शियम कार्बोनेट. ती पाण्यातूनच येते. निरोगी, उथळ प्रवाळखडकावर वर्षाला दर चौरस मीटरमागे सुमारे चार किलो चुनखडी साठते, असे समुद्रातल्या मोजमापांवरून धरले जाते. अ‍ॅडी यांच्या टाकीतही पुढे जवळपास याच वेगाची नोंद झाली. आपल्या टाकीचा तळ ०.९ चौरस मीटर. तेव्हा वर्षाला साडेतीन किलोंच्या आसपास, रोज साधारण दहा ग्रॅम.

दहा ग्रॅम चुनखडीत चार ग्रॅम कॅल्शियम असते. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. आपल्या टाकीत मिळून २२७ ग्रॅम. म्हणजे कागदावर तरी दोन महिन्यांत सारे कॅल्शियम संपले. पण त्याच्या फार आधी संपते ते बायकार्बोनेट. चुनखडीच्या प्रत्येक रेणूसाठी बायकार्बोनेटचे दोन आयन खर्च होतात आणि समुद्राच्या पाण्यात त्यांचा साठा कॅल्शियमच्या मानाने अगदी थोडा असतो. हिशेब केला तर तो सहा-सात दिवसांचाच भरतो. प्रत्यक्षात साठा कमी होऊ लागताच प्रवाळांची वाढ मंदावते, त्यामुळे शून्य कधी गाठले जात नाही. पण मुद्दा तोच: हा माल कोणीतरी रोज बाहेरून आणून ओतावा लागतो. शैवालाच्या ट्रेवर चालणाऱ्या टाक्यांत दगडी प्रवाळ नीट वाढत नाहीत, कॅल्शियम कमी पडते आणि पाण्याला पिवळी झाक येते, अशी तक्रार अनेक मत्स्यालयवाल्यांनी केली, तीत तथ्य होते.

बर्लिनच्या पद्धतीत यावर योजलेला उपाय मराठी शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या ओळखीचा आहे: चुन्याची निवळी. टाकीतून रोज जेवढे पाणी वाफ होऊन उडते, तेवढीच निवळी थेंब थेंब टाकीत सोडायची. ०.९ चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून रोज पाच लिटरच्या आसपास पाणी सहज उडते. संपृक्त निवळीत दर लिटरला सुमारे दीड ग्रॅम चुना विरघळलेला असतो. दहा ग्रॅम चुनखडीला लागणारे कॅल्शियम पुरवायला साधारण पावणेपाच लिटर निवळी लागते. दोन्ही आकडे जवळजवळ जुळतात, म्हणूनच ही युक्ती चालते.

वर्गात निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, हे आपण दाखवतो आणि बहुधा तिथेच थांबतो. फुंकत राहिले तर ती पुन्हा स्वच्छ होते, कारण चुनखडीचे विरघळणारे कॅल्शियम बायकार्बोनेट बनते. टाकीत निवळी सोडताना नेमके हेच घडावे लागते. घाईने सोडली तर पाणी दुधाळ होते, आम्लारिधर्म एकदम वाढतो आणि जीव मरतात. फुंकरीच्या प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग दाखवायला याहून चांगले निमित्त मिळणार नाही.

सर्वांत मोठी टाकी

आता 'बांधणे' या शब्दाकडे. परिसंस्था खरेच बांधता येते का? याची मोठी परीक्षा अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात झाली. 'बायोस्फिअर २' नावाच्या काचेच्या प्रचंड इमारतीत २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ माणसे दोन वर्षांसाठी बंद झाली. आत जंगल, शेत आणि सुमारे २६ लाख लिटरचा एक 'महासागर' होता, प्रवाळांसकट. त्याच्या आखणीत अ‍ॅडी यांचा सहभाग होता आणि पाणी शुद्ध राखायला त्यांचे शैवालाचे ट्रे होते.

इमारतीतल्या मातीच्या जिवाणूंनी अपेक्षेपेक्षा फार अधिक कार्बन डायऑक्साइड सोडला. हवेतले त्याचे प्रमाण बाहेरच्या हवेच्या अनेक पट झाले. त्याचा काही भाग समुद्रात विरघळला, पाण्याचा सामू घसरू लागला, आणि आतल्या माणसांना पाण्यात सोडियमचे कार्बोनेट व बायकार्बोनेट घालत राहावे लागले. खडकांवर माजलेले शैवाल हातांनी उपटावे लागले. परिसंस्था चालत होती ती माणसांच्या अंगमेहनतीवर.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९९६ साली तिथला कारभार कोलंबिया विद्यापीठाकडे आला आणि ख्रिस लँग्डन व सहकाऱ्यांनी त्याच 'महासागरा'चे पाणी मुद्दाम बदलून मोजमापे केली. २००० साली त्यांनी दाखवले, की पाण्यातले कार्बोनेट कमी झाले की संपूर्ण प्रवाळसमूहाची चुनखडी तयार करण्याची गती त्या प्रमाणात घटते. आज हवेतला कार्बन डायऑक्साइड उद्योगयुगापूर्वीच्या दशलक्षात २८०वरून ४२०च्या पुढे गेला आहे आणि खऱ्या समुद्राचा सामू सुमारे ०.१ने उतरला आहे. त्याचा प्रवाळांवर काय परिणाम होईल याचा एक भक्कम पुरावा मिळाला तो एका फसलेल्या टाकीतून. परिसंस्था बांधण्यासाठी ही टाकी अपुरी होती. समुद्राचे काम समजून घेण्यासाठी मात्र पुरेशी होती. आमच्या मते पुस्तकाचे खरे मोल याच दुसऱ्या उपयोगात आहे, आणि त्याचे उपशीर्षक वाचकाला पहिल्याकडे ओढते.

खडक कुठून आला?

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. टाकीतला एकेक ग्रॅम नायट्रोजन मोजणारे हे पुस्तक टाकीसाठी समुद्रातून काय उचलले गेले याचा हिशेब मात्र त्या मानाने घाईने उरकते. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतांशी पैदाशीचे असतात. खाऱ्या पाण्यातले बहुतांशी समुद्रातून पकडलेले. फिलिपिन्समध्ये १९६०च्या दशकापासून त्यासाठी खडकांवर सायनाइड फवारले गेले. मासे गुंगून हाती लागतात, मागे प्रवाळ मरतात.

हा धडा नवा नाही. इंग्लंडमध्ये फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ साली 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक लिहिले. समुद्रातले जीव काचेच्या भांड्यात कसे जगवावेत हे त्यांनी इतक्या गोडीने सांगितले, की घरोघरी भांडी आली आणि किनाऱ्यावरच्या खडकांतली डबकी हौशी लोकांनी उपसून काढली. त्यांचा मुलगा एडमंड याने 'फादर अँड सन' या १९०७च्या पुस्तकात या नासाडीबद्दल लिहिले आहे. आपल्याच पुस्तकांनी हे घडवले याचे वडिलांना मोठे दुःख झाले, असे तो सांगतो. गॉस यांचे निसर्गप्रेम खरे होते. म्हणूनच ही हकीकत शिक्षकांनी लक्षात ठेवावी.

आपल्याकडे कायदा स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत २००१ सालापासून सर्व दगडी प्रवाळ आहेत. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती किंवा लक्षद्वीपला असा तुकडा उचलणे हा गुन्हा आहे, मग तो शाळेसाठी का असेना.

दुसरी बाजूही सांगायला हवी. हौशी माणसांनी टाक्यांत प्रवाळांचे तुकडे करून ते वाढवण्याचे कसब मिळवले. ते आज उपयोगी पडते आहे. २०२३च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाचा समुद्र असह्य तापला, तेव्हा तिथल्या संस्थांनी समुद्रातल्या रोपवाटिकांमधले प्रवाळ उचलून जमिनीवरच्या टाक्यांत हलवले. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाऊन माशांच्या पैदाशीचे तंत्र बसवले आहे, त्यामुळे निदान ते मासे समुद्रातून पकडण्याची गरज उरू नये. पण एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी जागतिक लाट जाहीर केली. तापलेल्या समुद्राला टाकी हा पर्याय होऊ शकत नाही. टाकीत काही नमुने तगतील, पण त्यांना परत सोडायला समुद्र तर हवा.

आम्ही दिलेले उत्तर

टाकी घेऊ नये, असे आम्ही बाईंना कळवले. पुस्तक मात्र ग्रंथालयात ठेवावे आणि त्यातले प्रयोग उचलावेत. खिडकीत तळ्याच्या पाण्याची बरणी ठेवून तीत जाळीचा तुकडा सोडावा. दर आठवड्याला त्यावरचे शैवाल खरवडून, वाळवून तोलावे आणि वहीत मांडावे. निवळीची फुंकर शेवटपर्यंत मारावी. वजन केलेले शिंपले काही दिवस सोडावॉटरमध्ये ठेवून, पाणी रोज बदलून, पुन्हा तोलावेत. देणगीदारांनी मान्य केले तर त्याच पैशांतून दरवर्षी एक वर्ग ओहोटीच्या वेळी कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यावर न्यावा. डबक्यात पाहावे, मोजावे, चित्र काढावे. काही उचलू नये. उलथवलेला दगड पुन्हा तसाच पालथा ठेवावा.

पुस्तक परत पाठवताना चुन्याचा हिशेब वेगळ्या कागदावर सविस्तर मांडून जोडला आहे. दहावीच्या मुलांनी तो पायरीपायरीने तपासावा. चूक आढळल्यास आम्हाला जरूर कळवावे.